मलेट ठेवणाऱ्या पोरांना नावं ठेवण्याआधी

निमशहरी

परवा इथे एक लेख आला. त्याचा सारांश असा: मलेट (पुढून आखूड, मागून लांब केस), पर्म (मुद्दाम कुरळे करून घेतलेले केस), लांब कल्ले, 'तेरे नाम'चा मधला भांग ही सगळी अडगळीतली फॅशन पोरांनी पुन्हा उकरून काढली आहे, त्यात ती टपोरी दिसतात, आणि 'सभ्य घरातल्या मुलांना हे शोभत नाही'. खाली अनुमोदनांची रांग. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

सभ्य घर म्हणजे कुठलं? २००३ साली 'तेरे नाम' आला तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात तो भांग कुणी पाडला होता? वडापच्या जीपवरच्या क्लीनरनी, आयटीआयच्या पोरांनी, मार्केट यार्डातल्या हमालांनी. त्यांच्याकडे बघून आमच्या घरात काय बोललं जायचं ते मला अजून पाठ आहे. नाव केसांचं घ्यायचे, राग त्या माणसांवर असायचा.

धोनीचं आठवा. रांचीचा मुलगा, खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासायचा. २००४ च्या शेवटी संघात आला तेव्हा मानेखाली केस. 'गावठी' हा शब्द मी त्याच्याबद्दल चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष मुशर्रफनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे केस कापू नकोस, आणि तीच माणसं घरी येऊन मुलाला म्हणाली, बघ, किती ऐटबाज दिसतो. २०२४ च्या आयपीएलला त्याने पुन्हा लांब केस ठेवले तर सगळा देश गहिवरला. केस तेच आहेत. मधल्या काळात त्याला मान मिळाला, एवढाच फरक.

मलेटचं तसंच. १९७२ ला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या डोक्यावर होता तेव्हा ती कला. नव्वदीच्या सुरुवातीला संजय दत्तमुळे आपल्याकडे पानपट्टीवर दिसायला लागला तेव्हा ती मवालीगिरी. आता पुण्याच्या कोरेगाव पार्कात हजार रुपये मोजून करून घेतला की स्टाईल. गरिबाने एखादी गोष्ट उचलली की ती जुनाट ठरते, आणि श्रीमंताने परत उचलली की तिचं 'पुनरागमन' होतं. ज्यांना मलेट आवडत नाही त्यांनी तो खुशाल ठेवू नये. घरं मोजू नयेत.

निवृत्त_मास्तर

पूर्ण असहमत. धागाकर्त्यांना प्रत्येक गोष्टीत वर्ग दिसतो, आम्हाला समोर बसलेली मुलं दिसायची.

माझं आयुष्य जिल्हा परिषदेच्या आणि नंतर एका खाजगी शाळेत गेलं. सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही नखं आणि केस तपासायचो. श्रीमंताच्या मुलाचे तपासायचो तसेच मजुराच्या मुलाचेही. नियम एकच असला की गरिबाचा पोरगा उठून दिसत नाही, हे तुम्ही विसरता. आज मी बघतो, बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो आणि पोरगा डोक्याच्या बाजूला रेघा मारून, मागे शेपूट सोडून, वर रंग लावून येतो. ते पैसे कुठून येतात? त्याचा पहिला तास मोबाईलच्या काचेत स्वतःला बघण्यात जातो. त्याला वेळेवर कुणी अडवलं नाही तर पुढे तो कशालाच जुमानत नाही.

सिंगापूरने सत्तरच्या दशकात फलक लावले होते, लांब केसांच्या पुरुषांचं काम सरकारी कचेरीत सर्वांत शेवटी होईल. लेड झेपेलिनसारख्या जगप्रसिद्ध बँडला १९७२ मध्ये केसांमुळे परत पाठवलं. आज सिंगापूर कुठे आहे आणि आपण कुठे आहोत?

आणि एक सांगतो. दोष सलूनवाल्यांचाही आहे. शाळेच्या गणवेशातला मुलगा असलं काही करून मागतो तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हणावं. पण पैसे मिळाले की झालं.

कैची_कंगवा

मास्तर, मी सलूनवालाच आहे. वडील आणि आजोबापण तेच. तेव्हा ऐका.

नाही म्हणायची अक्कल आमच्या लोकांना तुमच्या आधीपासून आहे. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. मागे उभे होते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे. त्या बायकांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायला सांगणारी घरं 'सभ्य'च होती. पोटावर पाय येत असताना आमच्या माणसांनी हत्यार खाली ठेवलं. कुणाच्या डोक्यावर जबरदस्ती होत असेल तर नाही म्हणायचं, हे आम्हाला कळतं. पोरगा हौसेने मागतोय तर मी का नाही म्हणू?

आता पैशाचं. माझ्याकडे कटिंग शंभर रुपये, मलेट दीडशे. का जास्त, तर बाजूला मशीनने झिरोपासून वर फेड (खाली बारीक, वर हळूहळू दाट) चढवायचा, माथ्यावर कैचीने टेक्श्चर काढायचं, आणि मागची लांबी बाजूच्या फेडला अशी जोडायची की मध्ये पायरी दिसू नये. ती जोड जमली नाही की शेपूट चिकटवल्यासारखं दिसतं. मास्तरांनी बघितलेले बहुतेक असेच फसलेले असणार. चांगला मलेट बघितला असता तर एवढे चिडले नसते.

आणि ही फॅशन इकडे परत कशी आली ते मला विचारा. २०२० ला मार्चपासून दुकानं बंद. २८ जूनला उघडायला परवानगी मिळाली, तीही नुसत्या कटिंगची, दाढीची नाही. तोवर पोरांचे केस मानेवर आले होते. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, मागे दहा सेंटिमीटर हवे असतील तर आठ-दहा महिने थांबावं लागतं. एरवी एवढा धीर कुणात नसतो. त्या वर्षी त्यातले तीन महिने आयते मिळाले होते. पोरं म्हणाली, दादा, मागचे राहू दे, पुढचे उडव. आम्ही तीन महिने चूल कशी पेटवली ते विचारायला तेव्हा कुणी आलं नव्हतं.

मेलबर्नकर

निमशहरी, तुमच्या सिद्धांताला इथून एक अडचण घालतो. ऑस्ट्रेलियात मलेट पूर्ण गेला असं कधी झालंच नाही. गावाकडची, फुटी (तिकडचा फुटबॉल) खेळणारी, खाणीत आणि बांधकामावर काम करणारी मंडळी तो ठेवत राहिली. न्यू साउथ वेल्समधल्या करी करी नावाच्या छोट्या गावात २०१८ पासून मलेटची स्पर्धा भरते. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे त्यात उतरतात. मानसिक आरोग्याच्या कामासाठी मलेट वाढवून निधी गोळा करण्याची मोहीमही चालते. म्हणजे इथे ती कामकरी माणसांनी ताठ मानेने मिरवलेली गोष्ट आहे, श्रीमंतांनी दिलेली मान्यता नव्हे.

मग श्रीमंतांच्या मुलांनी ती उचलली आणि २०२१ मध्ये सिडनी आणि पर्थमधल्या महागड्या खाजगी शाळांनी बंदी घातली. मास्तरांचे मित्र इथेही आहेत.

मास्तर, सिंगापूरचं उदाहरण देताना २०१० चा इराणही बघा. तिथल्या सरकारने पुरुषांसाठी मान्य केशरचनांची यादी काढली आणि मलेट बाद केला. त्याने इराणचं सिंगापूर झालं नाही.

तिपेडी

तुम्ही पुरुष मलेटसाठी एवढे भांडताय हे वाचून मला रडू येतंय, आणि ते मलेटसाठी नाही.

मी परभणीकडची. आई रविवारी खोबरेल तेल कोमट करून चोळायची, रोज सकाळी पुन्हा बोटभर तेल लावून घट्ट वेणी. शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी, वर दुमडून बांधलेल्या. इंजिनिअरिंगला पुण्यात आले. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या मुलीने खोली बदलून मागितली. कारण लिहिलं होतं: तेलाचा वास. वर्गात माझ्या मागच्या बाकावर कुणी बसायचं नाही. मी दिवाळीच्या सुट्टीआधी केस कापले. घरी गेले तेव्हा आई काही बोलली नाही. तेलाची वाटी कोनाड्यातून काढून तिने फडताळात ठेवून दिली.

आता माझी भाची मुंबईत 'स्लिक बॅक' करते. मधोमध भांग, चप्प बसवलेले चकचकीत केस, मागे घट्ट वेणी. वर तेलाची छोटी काचेची बाटली, किंमत सहाशे रुपये. परदेशी मुली ते कॅमेऱ्यासमोर करून दाखवतात आणि आपल्या मुली शिकतात. तिकडे वाढलेल्या आपल्या मुली लिहितात की शाळेत याच वेणीवरून त्यांना छळलं होतं, तेव्हा मला वाटतं मी एकटी नव्हते. पण ज्यांनी माझी खोली बदलून घेतली, त्यांच्या मुली आज हीच वेणी घालत असतील. यात माझ्या आईला कोण काय परत देणार?

रोखठोक_पुणेकर

भावना समजली, युक्तिवाद नाही. मी त्याच काळात हॉस्टेलवर होते. तेलाचे उशीचे अभ्रे, खुर्चीच्या पाठीवरचे डाग, जूनच्या दमट हवेत येणारा खवट वास, हे खरं होतं. तो सहन झाला नाही म्हणून कुणी जातीयवादी किंवा वर्गवादी होत नाही. दोन मुलींच्या एवढ्याशा खोलीत वासाबद्दल बोलायचं नाही का? आणि स्लिक बॅकमध्ये बहुतेक जणी जेल वापरतात, ते धुऊन निघतं. ती तुमच्या आईची वेणी नाही. प्रत्येक फॅशनमध्ये आपल्यावर झालेला अन्याय शोधायची ही सवय बरी नाही.

तिपेडी

जात हा शब्द तुम्ही आणलात, मी नाही. खवट वास न धुतलेल्या तेलाचा येतो. मी केस धूत होते. तुम्ही मला त्या खोलीत न भेटता माझ्या अभ्र्यांबद्दल लिहिताय, म्हणजे वीस वर्षांनंतरही तेच चाललंय. बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचं. तिने अर्ज केला रेक्टरकडे.

निमशहरी

रोखठोक, हे फार झालं. तिपेडी यांनी सांगितलेलं माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा जास्त खरं आहे, आणि तुम्ही त्यावर डाग मोजताय.

रोखठोक_पुणेकर

धागा केसांवर आहे म्हणून केसांवर लिहिलं. रेक्टरकडे अर्ज करणं चूक होतं, हे मान्य. एवढंच मान्य.

अभ्यासू_खोबरेल

वासापलीकडचं थोडं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं. खनिज तेल किंवा सूर्यफुलाचं तेल हे करत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मोजलं आहे. तो करणारे तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, ते लक्षात ठेवून वाचावा. तेव्हा तिपेडी यांच्या आईचं चुकत नव्हतं. फक्त घट्ट ओढलेली वेणी आणि घट्ट ओढलेला स्लिक बॅक, दोन्हींनी कपाळाकडचे केस मुळापासून ताणले जाऊन विरळ होतात. वर्षानुवर्षं ओढले तर ते परत येतीलच असं नाही. भाचीला सांगा, आठवड्यातून एखाद-दोनदाच.

निवृत्त_मास्तर

चर्चा वेण्यांवर गेली. माझ्या शाळेतही रिबिनी सक्तीच्या होत्या आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. मुलगी कुठल्या घरची आहे ते कळायचं नाही.

तिपेडी

कळायचं, सर. रिबिनीचा रंग उडालेला असायचा.

कैची_कंगवा

मास्तर, एक विचारायचं राहिलं. तपासणीत केस वाढलेले सापडले की काय करायचात? आमच्या वेळी एक सर टेबलाच्या खणात कैची ठेवायचे. मध्येच एक खाच मारून सोडून द्यायचे, म्हणजे पोराला पूर्ण कापावेच लागायचे. ती खाच घेऊन पोरं रडत आमच्या दुकानात यायची. माझा बाप त्यांचे पैसे घ्यायचा नाही. केस सारखे करायचा आणि गोळी द्यायचा. माझ्या वर्गातला एक जण त्या खाचेनंतर शाळेत परत आला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ मध्ये मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. तरी ही कैची अजून काही खणांत आहे, कारण ती खाच घेतलेली पोरं माझ्या खुर्चीत अजून बसतात.

निवृत्त_मास्तर

कैची मी कधी हातात घेतली नाही. घेणारे सहकारी होते. आम्ही बाकीचे गप्प बसायचो, कारण त्याने नियम पाळला जायचा. त्या खाचेचं समर्थन मी करणार नाही. पण त्यावरून सगळी शिस्तच मोडीत काढू नका. मुलाने शाळेत नीट केस कापून यावं, सुट्टीत काय ते करावं, हे माझं म्हणणं कायम आहे. धोनीचं उदाहरण तर मला अजिबात पटलेलं नाही. त्याने विश्वचषक जिंकला तेव्हा आपण त्याचे केस माफ केले, इतकंच. आणि २०११ चा जिंकला तेव्हा त्याचे केस आखूड होते.

निमशहरी

२००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक लांब केसांत जिंकला, मास्तर. आणि माफ करायला त्याने गुन्हा काय केला होता?

मेलबर्नकर

मास्तरांचा सुट्टीचा मुद्दा मला चालेल. पण कैची_कंगवा म्हणतात तसे मागे आठ-दहा महिने लागतात, आणि तुमच्या शाळेची सुट्टी दीड महिन्याची.

कैची_कंगवा

त्यावर उपाय आहे. मागचे केस वाढवायचे आणि शाळेच्या दिवसांत आत दुमडून पिना लावायच्या. माझ्याकडची तीन-चार पोरं तसंच करतात. मास्तरांच्या ओळखीत कुणी अजून तपासणी करत असेल तर त्यांना हे सांगू नका.