मनातल्या मनात आपण स्वतःला काय म्हणतो? पैशांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बायकांचा अनुभव धागा

मीच सुरुवात करते. सरकारी बँकेत 31 वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. 2004 साली बढतीच्या मुलाखतीला बसले होते. पॅनलवरच्या साहेबांनी फाइल चाळत विचारलं, "तुमच्या शाखेची थकबाकी वर्षभरात निम्म्यावर आली. कशी काय?" मी म्हटलं, "आमचे मॅनेजर साहेब फार चांगले होते. आणि त्या वर्षी पाऊसही बरा झाला."

पाऊस झाला होता, खरं आहे. पण जूनपासून दर मंगळवारी एसटीने जाऊन कर्जदारांच्या ओसरीवर बसले होते मी. कोणाचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो, बिल कधी हातात पडतं, सगळं एका निळ्या वहीत टिपलेलं होतं. तरी तोंडातून पाऊस निघाला, कारण आत वर्षानुवर्षं एकच घोकणं चालू होतं: आपलं काय, जमून गेलं. त्या वर्षी बढती मिळाली नाही.

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 सालीच हे नोंदवून ठेवलंय. कर्तबगार बायका आपल्या यशाचं श्रेय नशिबाला देतात, कोणाच्या तरी चुकीला देतात, स्वतःच्या हुशारीला मात्र देत नाहीत. ऐकताना डोळे भरून आले. घरी येऊन निळी वही काढली तर पानोपानी 'वसुली झाली', 'खातं नियमित झालं', 'प्रस्ताव मंजूर झाला'. सगळं आपोआप झालेलं. त्या दिवसापासून 'झालं' लिहायचं नाही, 'केलं' लिहायचं असं ठरवलं. 'मी वसुली केली.' पहिले काही दिवस हात अडखळायचा, गर्व केल्यासारखं वाटायचं. दोन वर्षांनी पुन्हा त्याच पदाच्या मुलाखतीला बसले, तेव्हा वही सोबत नेली.

तुमच्या मनातलं वाक्य कोणतं होतं? कोणी पेरलं? बदललं का, आणि कशाने? उपदेश नको, प्रसंग लिहा.

सीए, नाशिक

माझं वाक्य: 'मला गणित येत नाही.' सातवीत असताना काकांनी भावासमोर म्हटलं आणि ते रुजलं. बारावीला वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळाले तरी जागचं हललं नाही.

2016 च्या मे महिन्यात सीए फायनलचा दुसरा ग्रुप, म्हणजे चार पेपरांचा संच, दिला. चारही पेपरांत 40 च्या वर, एकूण 193. ग्रुप निघायला प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के लागतात, म्हणजे तेव्हा 400 पैकी 200. सात गुणांनी गेला. आठवडाभर खोलीबाहेर आले नाही. घरात स्थळांचा विषय निघाला.

मग मैत्रिणीने मागे लागून परीक्षा घेणाऱ्या सीए इन्स्टिट्यूटकडून कॉस्टिंगच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवायला लावली. 16 गुणांचा अख्खा प्रश्न कोरा होता. आठवलं मला. तक्ता मोठा दिसला आणि प्रश्न वाचायच्या आधीच 'हे आपलं काम नाही' म्हणून पान उलटलं होतं. त्या रात्री तोच प्रश्न घेऊन बसले. 35 मिनिटं लागली. उत्तर बरोबर आलं. त्याचं वाईटच वाटलं जास्त.

तेव्हापासून 'येत नाही' मनात आलं की स्वतःला फक्त दोन शब्द सांगायचे: आधी वाच. नोव्हेंबरमध्ये ग्रुप निघाला. पण हेही लिहिते की मधल्या साडेतीन महिन्यांत रोज दोन गणितं सोडवली होती. न सोडवता नुसतं 'मला येतं, मला येतं' म्हणत बसले असते, तर माझ्या मनानेच माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

रोखपाल, सोलापूर

नोव्हेंबर 2016 चा अनुभव माझाही, पण काउंटरवरचा. 8 तारखेला रात्री नोटबंदी जाहीर झाली, 10 तारखेपासून बँका उघडल्या. रांग पार रस्त्यापर्यंत. तिसऱ्या की चौथ्या रात्री नऊ वाजता रोकड जुळवायला घेतली तर 50 हजार कमी. ज्यांनी कॅश सांभाळलीय त्यांना सांगायला नको, कमी पडलेली रक्कम रोखपालालाच भरावी लागते. तेव्हा तो माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार होता.

हात थरथरायला लागले. डोक्यात नुसतं 'वेंधळी, वेंधळी' चालू झालं. सासरी हा शब्द मला फार वेळा ऐकायला मिळालाय. त्या आवाजात नोटा मोजल्या की दर वेळी वेगळा आकडा येतो. शेवटी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून स्वतःला माहेरच्या नावाने हाक मारली. लग्नात माझं नाव बदललं होतं. माहेरच्या नावाची मुलगी पावकी-निमकी घडाघडा म्हणायची, वडिलांच्या किराणा दुकानात गल्ला मोजायची. तिला म्हटलं, "तू ये आणि मोज. घाई नाही."

परत येऊन पाकिटं एकेक करून हातात घेतली, पट्टीवर लिहिलेलं न बघता नोट बघून. हजाराचं एक पाकीट पाचशेच्या ढिगात गेलं होतं. 100 नोटा, फरक बरोबर 50 हजार. साडेदहाला तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्या. आजही गोंधळले की तेच नाव घेते. घरात कोणाला माहीत नाही.

धागाकर्ती

ताई, वाचून अंगावर काटा आला. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस यांनी सहकाऱ्यांबरोबर 2014 साली यावरच अभ्यास प्रसिद्ध केला आहे. ताणाच्या वेळी 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधलं, तर माणूस स्वतःकडे थोडं लांबून बघू शकतो आणि घाबरणं कमी होतं. तुम्ही हे कुठेही न वाचता केलंत. आणि माहेरचं नाव घेतलंत, ते तर कुठल्या अभ्यासात सापडायचं नाही.

करसल्लागार, कोल्हापूर

अशील यायचे, मला बघून विचारायचे, "साहेब आहेत का?" मी म्हणायचे, "बसा, बघते." आणि पाणी आणायला उठायचे. आता म्हणते, "मीच. बसा, कागद दाखवा." एवढाच फरक, पण त्याला सहा वर्षं लागली.

राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, नागपूर

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. मी तीन वेळा बढती नाकारली. दर वेळी कोणीतरी सांगितलं, तुझ्यात आत्मविश्वास नाही. आत्मविश्वास होता हो. बढतीबरोबर बदली येत होती, मुलगी चौथीत होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्या वेळी मी मनाला कितीही सुंदर वाक्य सांगितलं असतं तरी सासूबाईंची कूस कोण बदलणार होतं?

अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष 2013 साली झाल्या. त्यांच्या काळात त्या बँकेने महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या किंवा वृद्धांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंत रजेची सोय केली. अशा एका नियमाने जितक्या बायका टिकतात, तितक्या दहा व्याख्यानांनी टिकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र कबूल करते. बढती परिस्थितीमुळे नाकारली, पण पुढची काही वर्षं मी मनाला सांगत राहिले की आपण मागे पडलेल्या आहोत. सोबतचे सहकारी चीफ मॅनेजर झाले की कार्यक्रमाला जायचं टाळायचे. तो भार बँकेने दिला नव्हता. 'मी मागे पडले' काढून 'मी तेव्हा थांबायचं ठरवलं' हे वाक्य मनाला पटवायला खूप वेळ गेला. मागच्या वर्षी चौथ्यांदा विचारलं, तेव्हा हो म्हटलं.

म्युच्युअल फंड कंपनीत विश्लेषक, मुंबई

मीटिंगमध्ये माझं प्रत्येक मत 'माझं चुकत असेल, पण' या शब्दांनी सुरू व्हायचं. एकदा एका कंपनीची विक्री भराभर वाढताना दिसत होती. मी तिची येणी पाहिली तर ती विक्रीच्या दुप्पट वेगाने वाढत होती, म्हणजे माल जात होता पण पैसे येत नव्हते. मी बोलले, नेहमीचं शेपूट लावून. पुढच्या माणसाने त्या 'पण'च्या आधीचंच ऐकलं. दहा मिनिटांनी एका सहकाऱ्याने तेच सांगितलं, सरळ, आणि फळ्यावर त्याच्या नावाने लिहिलं गेलं.

चीड आली, त्याच्यापेक्षा स्वतःची जास्त. त्या संध्याकाळी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं: आधी आकडा, मग मी. आता बोलणं आकड्यापासूनच सुरू करते. कधी चुकते, तेव्हा चुकले म्हणते. आधीच माफी मागून ठेवत नाही.

बँक सखी, माण तालुका

मी दहावी नापास. बचत गटाच्या बायकांना बँकेत स्लिपा भरून देते, कर्जाचे कागद समजावते. 'शिकलेल्यांच्या पुढं आपण काय बोलायचं' हे माझं वाक्य.

आमच्याकडे म्हसवडला माण देशी महिला सहकारी बँक आहे, 1997 पासूनची. चेतना गाला सिन्हा यांनी पुढाकार घेतला तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण पुढाकारातल्या बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नव्हतं पण हिशेब येतो. तुम्ही व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटरवर काढू देत, बघू कोण आधी सांगतंय.

गटाच्या बैठकीत ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, या बाईच्या कर्जाला दोन टक्के जास्त का लावलेत?" आवाज कापत होता. त्यांनी तपासलं. जास्तच लागले होते.

पोस्टाची आरडी एजंट, इचलकरंजी

एवढ्या मोठ्या पदांवरच्या बायकांत लिहू का नको वाटत होतं. मी महिला प्रधान एजंट, म्हणजे पोस्टाची अल्पबचत गोळा करणारी, आहे. 22 वर्षं दर महिन्याला घरोघरी जाऊन आरडीचे हप्ते गोळा करते, पोस्टात भरते. कमिशन 4 टक्के. कापडाच्या पिशवीत पासबुकं असतात, पावसात प्लॅस्टिकमध्ये. यंत्रमागवाल्यांच्या घरच्या कितीतरी लग्नांना, मुलांच्या फियांना माझ्या हातून भरलेली आरडी उपयोगी पडली आहे. तरी कोणी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, घरीच असते. थोडी पासबुकं फिरवते."

मागच्या जूनमध्ये नातवाच्या शाळेत फॉर्म भरायला सून मला घेऊन गेली. आजीच्या व्यवसायाचा रकाना होता. सून 'गृहिणी' लिहायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "अल्पबचत प्रतिनिधी लिही."

टेबलामागच्या क्लार्कने वर बघितलं. "म्हणजे काय करता आजी?"

मी पिशवी उघडून पासबुकं त्यांच्यासमोर ठेवली.