गोगलगाय पाळायची का मिठात घालायची?

वडगावकर: पोरीनं पावसात परड्यातनं तीन गोगलगायी उचलून आणल्यात. एक मुठीएवढी, एक करवंदाएवढी, एक तर हरभऱ्याच्या दाण्याएवढी. प्लॅस्टिकच्या डब्यात माती घालून ठेवल्यात, रोज कोबीचा पाला घालतोय पण मोठी सगळा फस्त करते आणि बारकी तशीच कोपऱ्यात. आई म्हणते असली घाण घरात नको. काय करू?

कडोलीवाला: पाळतंय काय मर्दा! मुठीएवढी, उभा निमुळता शंख, तपकिरी पट्टे, असं असेल तर ती आफ्रिकन शंखी. 2022 ला लातूर बीडकडं ह्यांनीच सोयाबीनची रोपं खाऊन दुबार पेरणी करायला लावली. आम्ही संध्याकाळी बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाकतोय, सकाळी उचललं की खाली ढीग, सगळा मिठाच्या पाण्याच्या बादलीत. आणि तू तिला ताटली मांडतोस!

खानापूरची अक्का: शेतातलं शेतात ठेवा की दादा, त्यानं डब्यातल्या तीन जिवांचं विचारलंय. वडगावकर, पहिलं म्हणजे डबे वेगळे करा. बारकीला कोवळी काकडी नाहीतर गाजर किसून मातीलगतच ठेवा, ती लांब चालत जात नाही. खायला संध्याकाळीच घाला, ह्या रात्री जाग्या असतात, आणि सकाळी उरलेलं काढा नाहीतर चिलटं होतात. शंखाला कॅल्शियम लागतंय, अंड्याची टरफलं उकळून वाळवून पूड करा नाहीतर समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, ठेवा. खडू नको, आताचे खडू बहुतेक जिप्समचे असतात. कॅल्शियम कमी पडलं की एकमेकींचा शंख खरवडतात, म्हणून तर मोठीबरोबर बारकी ठेवू नका म्हणते. मीठ लागलेलं काही नको, चिवड्याचा कण सुद्धा.

कडोलीवाला: अक्का, 1847 ला मॉरिशसहून एका साहेबानं असंच हौसेनं कलकत्त्याला आणल्या, बागेत सुटल्या, आणि आज आमच्या कोबीत. एकटीच आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आधी एकदा जोडी लागली असली तर नंतर किती महिन्यांनी पण अंडी घालते, शंभर दोनशे एका वेळी. अन् उंदराच्या फुप्फुसातला जंत लेंडीतनं ह्यांच्या अंगात येतोय, तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातोय. पोर हात न धुता भात खाईल तेव्हा कळेल.

टिळकवाडीचा फिशटँकवाला: हात धुण्याचं खरं आहे. माझ्याकडं पाण्यातल्या बारक्या आहेत, त्यांचं वेगळं. माशांच्या औषधात तांबं असलं की मासे वाचतात, गोगलगायी सगळ्या खलास, मी एकदा भोगलंय.

खानापूरची अक्का: मोठी पाळा असं मी पण म्हणत नाही. फक्त नाल्यात सोडू नका, तिथनं ती परत दादांच्याच शेतात जाणार.

वडगावकर: मोठी दादांनी सांगितल्यासारखी केली, पोर शाळेत होती तेव्हा. डब्याची माती उलथली तर खाली साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी पिवळसर अंडी, मोजली नाहीत, पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजरला टाकली आणि मग कचऱ्यात. आईला फ्रीजरचं सांगितलेलं नाही. दुसऱ्या दोन पोरीच्या टेबलावर आहेत, रात्री लाईट बंद केली की काकडीवर कुरकुर कुरकुर ऐकू येतंय. करवंदाएवढीच्या शंखावर पण पट्टे दिसायला लागल्यात, दादा, फोटो टाकू का?

कडोलीवाला: टाक की. बादली तयार आहे.