शब्दचर्चा : ‘ध्रुवीय संरेखन’ की ‘ध्रुव लावणे’?

दापोली : शाळेच्या आकाशदर्शन मंडळासाठी इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा स्टँड) कसा लावायचा याची माहिती मराठीत लिहितोय. ‘पोलर अलाइनमेंट’ला सगळीकडे ‘ध्रुवीय संरेखन’ दिसतं. आठवीच्या मुलांना हे झेपेल? तुम्ही बोलताना काय म्हणता?

रत्नागिरी : आम्ही ‘ध्रुव लावला का?’ एवढंच विचारतो. ‘संरेखन’ जड आहे हे खरं, पण माझी तक्रार वेगळी आहे. हा शब्द तीन कामांना वापरला जातो. आरसे नीट बसवणं, हँडसेटला (माउंटच्या हातातल्या रिमोटला) दोन-तीन तारे ओळखून देणं आणि माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करणं. नवखा माणूस हँडसेटवर ‘अलाइनमेंट झाली’ वाचतो आणि निर्धास्त होतो. त्यानंतर तारा शोधला तर सापडतोही, पण दोन मिनिटांचा फोटो काढला की तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट! तेव्हा पहिल्याला ‘आरसे जुळवणे’, दुसऱ्याला ‘तारे दाखवणे’, तिसऱ्याला ‘ध्रुव लावणे’ म्हणा.

दापोली : पण मग मुलं ध्रुवतारा बरोब्बर मधोमध आणून मोकळी होतील ना काका?

रत्नागिरी : होतीलच. आपल्याकडे ध्रुव म्हटलं की अढळपदावर बसलेला उत्तानपादाचा मुलगाच डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो ताराही ढळतो. खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा लांब, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून किंचित जास्त. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर तारा मधोमध चालतो, फोटोला नाही. जानेवारीत संध्याकाळी ध्रुवमत्स्य (ध्रुवतारा ज्यात आहे तो तारकासमूह) क्षितिजाशी बुडालेला असतो, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाकडून ध्रुवताऱ्याकडे या आणि तसंच जरा पुढे जा, तिथे बिंदू. म्हणून पहिल्यांदा ‘ध्रुवबिंदू’ असं पूर्ण लिहा, पुढे ‘ध्रुव’ चालेल.

मालवण : ‘उन्नतांश’ आणि ‘दिगंश’ मात्र काढू नका हो. फक्त स्क्रूशेजारी ‘वर-खाली’ आणि ‘डावी-उजवी’ची चिठ्ठी चिकटवा. ध्रुवाचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, हाच आपला अक्षांश. तुमच्याकडे पावणेअठरा अंशांच्या आसपास, माझ्याकडे जेमतेम 16. इतक्या खाली अक्ष झुकवला की काही माउंटांत वजनाची दांडी तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला घासते. आधी हाताने सावकाश फिरवून बघा, मोटर नंतर. आणि पुळणीवर मांडू नका, पाणसळ धरेपर्यंत एक पाय रुतलेला असतो. सड्यावरचा कातळ उत्तम.

दापोली : आमच्या खळ्यातून उत्तरेला नुसते माड. ध्रुवतारा दिसतच नाही.

रत्नागिरी : मग सरक बघून लावायचा. ‘ड्रिफ्ट’ला आम्ही ‘सरक’ म्हणतो. आधी कंपासने अंदाजे उत्तर धरा, पण माउंटच्या लोखंडापासून लांब उभं राहून. मृगातल्या बाणाचा वरचा तारा आकाशातल्या विषुववृत्ताला अगदी लागून आहे. तो यामोत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आला की फुलीच्या रेषा असलेल्या आयपीसमध्ये धरा आणि मोटर चालू ठेवा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. पूर्व-पश्चिम सरक सोडून द्या, ती मोटरच्या गतीची भानगड. मग पूर्वेला खाली असलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. दर वेळी स्क्रू थोडाच फिरवा.

मालवण : आणि आयपीसमध्ये दक्षिण कुठली ते आधी ठरवा. दुर्बीण हळूच दक्षिणेकडे ढकलायची. ज्या बाजूने नवे तारे आत येतात ती दक्षिण.