नोटिसा वाचतं कोण?
'जीपीएस आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे आल्यावर नाविकांसाठीच्या नोटिसा, म्हणजे सागरी नकाशातले बदल कळवणारी पत्रकं, वाचतं कोण', असं एकाने विचारलंय. निम्मं पटलं. पण इलेक्ट्रॉनिक नकाशाही त्याच नोटिसांवर जगतो. अपडेट टाकलं नाही, तर समुद्रातून काढून टाकलेला बोया (तरंगती खूण) पडद्यावर दिमाखात उभाच.

डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्याला नोटिसा काढतं. डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी, असताना आमचा रविवार त्यातच जायचा. बदल दाखवणारा पारदर्शक कागद, म्हणजे ट्रेसिंग, नकाशावर ठेवायचं, सुईने जागा टोचायची, जांभळ्या शाईने बोयाची खूण रेखायची आणि खाली डाव्या कोपऱ्यात वर्ष नि नोटिशीचा क्रमांक. तात्पुरती नोटीस मात्र पेन्सिलने, कारण ती उद्या रद्द होऊ शकते. एकदा मी तीही शाईने रंगवली, तेव्हा नकाशे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, सेकंड मेटने, माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. आणि एखाद्या दीपगृहाचा दिवा आजच विझला किंवा कंटेनर तरंगताना दिसला, तर छापील नोटिशीची वाट कोण बघणार? ती बातमी ५१८ किलोहर्ट्झवर, नॅव्हटेक्स या रेडिओवरून इशारे छापणाऱ्या यंत्राच्या कागदी पट्टीवर कुरकुरत यायची. पहाटेच्या वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) पहिली नजर त्या पट्टीवर, मग चहा.