‘परस्पर शिस्तभंग कारवाई’ खटकतंय, दुसरा शब्द सुचवा

प्रश्न : न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांच्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कनं त्यांची वकिलीची सनद काढून घेतली. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन डी. सी.नंही काढली, आधार न्यूयॉर्कचाच निकाल. याला तिकडे ‘रेसिप्रोकल डिसिप्लिन’ म्हणतात. मी ‘परस्पर शिस्तभंग कारवाई’ लिहिलं, पण वाचताना दाताखाली खडा येतो.

प्रतिसाद : येणारच. ‘भावानं परस्पर जमीन विकली’ म्हणजे काय? आपल्याला न विचारता, मागच्या मागे. तुमचं वाक्य वाचून वाटेल, वकिलाला पत्ताच नव्हता. प्रत्यक्षात उलट असतं. दुसरं राज्य आधी ‘कारणे दाखवा’ नोटीस काढतं, बहुधा ३० दिवसांची. सेलिंग विरुद्ध रॅडफर्ड हा १९१७ चा निकाल बघा. मिशिगननं सनद काढलेल्या वकिलाचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आपल्या यादीतून काढावं का, हा मुद्दा होता. न्यायालय म्हणालं, राज्याचा निकाल सहसा मानू. पण नोटीस वा बाजू मांडायची संधी मिळाली नसेल, पुरावा अगदीच लंगडा असेल किंवा तसंच गंभीर कारण असेल, तर नाही.

प्रतिसाद : मग ‘पारस्परिक’ घ्या की.

प्रतिसाद : पारस्परिक करार ठीक, त्यात देवघेव असते. इथे शिक्षा एकाच माणसाला दोनदा. राज्यं एकमेकांचे निकाल मानतात हे खरं, पण विशेषण चिकटतं कारवाईला! मी ‘अनुवर्ती’, म्हणजे मागोमाग येणारी, म्हणेन.

प्रतिसाद : सरळ ‘दुहेरी सनदरद्द’ का नको?

प्रतिसाद : दरवेळी सनद रद्दच होते असं नाही. माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचं उदाहरण घ्या. जानेवारी २००१ मध्ये आर्कन्सॉची सनद पाच वर्षांसाठी निलंबित. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निलंबित केलं आणि नाव का काढू नये, हे ४० दिवसांत सांगायला लावलं. त्यांनी नोव्हेंबरमध्ये त्या न्यायालयाच्या वकील-यादीतून राजीनामाच दिला. म्हणून ‘कारवाई’ हा सैल शब्दच बरा.

प्रतिसाद : मी वकील आहे. आपल्याकडे या गोष्टीला रुळलेला शब्द नाही, कारण तसा प्रसंगच येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम १७(४) नुसार एका वेळी एकाच राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर नाव राहतं. माझं महाराष्ट्र-गोव्याच्या पटावर आहे. उद्या कर्नाटकात हलवायचं तर कलम १८ खाली बदली मागायची, दुसरी सनद नाही. आणि कलम ३५ खाली निलंबन झालं की देशभरातल्या सगळ्या कोर्टांची दारं बंद. पाठोपाठ कारवाई करायला दुसरं राज्य उरतंच कुठे?

प्रश्नकर्ती : ‘अनुवर्ती शिस्तभंग कारवाई’ लिहिलं, पहिल्या उल्लेखाला कंसात अर्थही दिला. संपादकांनी मजकुरात ते राहू दिलं. मथळा मात्र स्वतःच केला : ‘न्यूयॉर्कपाठोपाठ वॉशिंग्टनमध्येही सनद गेली’.