मदत हवी आहे : लिनक्स मिंटमध्ये ‘डी’ विभागात फाइल जतन होत नाही, घड्याळ साडेपाच तास चुकते आणि ‘ल’ हिंदी वळणाचा दिसतो

नमस्कार. मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. माझा लॅपटॉप २०१६ सालचा असून त्यात सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने त्यावर लिनक्स मिंट २२.१ ही संगणकप्रणाली बसवून दिली. एका मुद्रणालयाचे जुने पानमांडणीचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, त्यामुळे विंडोजही ठेवले आहे. लॅपटॉप सुरू करताना दोहोंपैकी एक निवडावे लागते. भाचा बंगळुरूला परत गेला आहे आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसाची वाट पाहत बसणे मला परवडणारे नाही, म्हणून येथे विचारत आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण अशी. माझ्या सर्व कामाच्या फाइली डिस्कच्या ‘डी’ या विभागात (पार्टिशनमध्ये) आहेत आणि भाच्याने तो विभाग मिंट सुरू होताच आपोआप जोडला जाईल अशी व्यवस्था केली आहे. फाइल उघडते, वाचता येते, पण दुरुस्ती करून जतन करायला गेले की ही फाइल केवळ वाचनासाठी आहे असे उत्तर मिळते. मी फोल्डरवर उजवी टिचकी मारून परवानग्या बदलून पाहिल्या, पण त्या क्षणार्धात पूर्ववत होतात. गंमत म्हणजे गेल्या मंगळवारी दिवसभर सर्व काही सुरळीत चालले आणि बुधवारी पुन्हा तेच. भाच्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत) विभाग काढून पुन्हा जोडला, तेव्हा जो इंग्रजी संदेश आला त्याचा आशय असा होता की विभागाची माहिती विंडोजच्या स्मृतीत राखून ठेवलेली आहे, विभाग असुरक्षित स्थितीत आहे, म्हणून तो केवळ वाचनासाठी जोडला जात आहे. ‘असुरक्षित’ हा शब्द वाचल्यापासून डिस्क निकामी होत आहे की काय, अशी धास्ती वाटते. मी विंडोज दर वेळी रीतसर ‘शट डाउन’ करते, बटण दाबून कधीही बंद करत नाही, हे आवर्जून सांगते.

दुसरी अडचण घड्याळाची. मिंटमधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असते; उलट विंडोजमधून मिंटमध्ये आले की इंटरनेट जोडले जाईपर्यंत ते साडेपाच तास पुढे असते. एरवी मी याकडे दुर्लक्ष केले असते, परंतु कोणती प्रत शेवटची हे मी फाइलच्या वेळेवरून ठरवते आणि आता एका कादंबरीच्या चौथ्या प्रकरणाची दुसऱ्या वाचनाची प्रत तिसऱ्या वाचनाच्या प्रतीपेक्षा नंतरची दिसू लागली आहे.

तिसरी अडचण काहींना क्षुल्लक वाटेल. लिबरऑफिस रायटरमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. शिवाय माझ्या नव्या कळफलकावर ‘दऱ्या’ लिहिता येत नाही, ‘दर्या’ होते. सह्याद्रीच्या वर्णनात सगळीकडे समुद्र उसळलेला पाहून लेखकाला काय वाटेल, याची कल्पना करावी.

प्रतिसाद १

तुमच्या विभागावर ‘डर्टी’, म्हणजे नीट बंद न झाल्याची, खूण राहिलेली आहे. टर्मिनलमध्ये ‘एनटीएफएसफिक्स’ ही आज्ञा द्या, ती खूण पुसली जाईल आणि लगेच लिहिता येईल. मी कित्येकदा केले आहे, दोन मिनिटांचे काम आहे.

प्रतिसाद २

ताई, वरील उपाय कृपया आत्ता करू नका. त्यांचे निदान अर्धे बरोबर आहे, पण ज्या परिस्थितीत तुमचा विभाग आहे तीत तो उपाय फाइलींना धोका पोचवू शकतो. कारण समजून घेतल्यास उपाय आपोआप कळेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले की तुमचे कार्यक्रम बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा बंद होत नाही. त्याची त्या क्षणाची अवस्था डिस्कवरील एका फाइलमध्ये उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तेथूनच पुढे सुरुवात होते. म्हणजे तुम्ही रीतसर बंद करता हे खरे, पण विंडोज प्रत्यक्षात झोपलेले असते आणि ‘डी’ विभागाचा नकाशा त्याच्या उशाखाली असतो. अशा वेळी लिनक्सने त्या विभागात काही लिहिले, तर जागे झालेले विंडोज जुन्या नकाशावर विसंबून पुढे लिहीत सुटेल आणि दोघांच्या नोंदी एकमेकींवर पडतील. हे टाळण्यासाठीच तुमच्या मिंटने लिहिण्यास नकार दिला. तो संदेश म्हणजे डिस्क बिघडल्याची खूण नसून डिस्क जपल्याची खूण आहे. एनटीएफएसफिक्स ही आज्ञा विभागाची संपूर्ण दुरुस्ती करत नाही. ती काही मोजक्या विसंगती दूर करते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण करते. झोपलेल्या विंडोजच्या बाबतीत तिचा वापर म्हणजे कुलूप तोडून आत जाणे.

आता मंगळवारचे कोडे. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ केले असता ही सोय लागू होत नाही, विंडोज पूर्णपणे बंद होते. आपण मंगळवारी विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून मिंटमध्ये आला होतात का? तसे असेल तर माझे निदान पक्के समजावे.

उपाय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे, डावीकडील ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ निवडावे. तेथे ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ हा पर्याय फिकट दिसेल आणि बदलता येणार नाही. त्यासाठी आधी वरच्या बाजूची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबावी लागते. येथे बहुतेक लोक अडकतात. मग खूण काढून बदल जतन करावा आणि एकदा पूर्ण ‘शट डाउन’ करावे. विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण झाल्यानंतर हा पर्याय पुन्हा चालू झालेला नाही ना, हे एकदा पाहून घेत जावे.

परवानग्या पूर्ववत का होत होत्या, तेही यावरून कळेल : केवळ वाचनासाठी जोडलेल्या विभागावर परवानगीची नोंदही लिहिता येत नाही. इतर वाचकांसाठी एक टीप. लिनक्सच्या गाभ्यात ५.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, विंडोजच्या पद्धतीचे विभाग वाचण्या-लिहिण्यासाठी ‘एनटीएफएस३’ नावाचा नवा चालक (ड्रायव्हर) आला आहे. तो वापरात असल्यास असा विभाग केवळ वाचनासाठी जोडला जाण्याऐवजी मुळीच जोडला जात नाही आणि भलताच गूढ संदेश येतो. लक्षण वेगळे, कारण तेच. मनाच्या समाधानासाठी मिंटमधील ‘डिस्क्स’ हा कार्यक्रम उघडून डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, जरूर पाहावा.

घड्याळाविषयी. मदरबोर्डवर एक स्वतंत्र घड्याळ असते, ते लॅपटॉप बंद असतानाही चालते. त्यातील वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे असे लिनक्स मानते, तर विंडोज ती स्थानिक वेळ मानते. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे, म्हणून दोघांच्या भांडणात बरोबर साडेपाच तासांचाच फरक पडतो. फरक दर वेळी निराळा असता किंवा सन भलतेच दिसले असते, तर मी मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर संशय घेतला असता. मिंटच्या टर्मिनलमध्ये रोमन लिपीत टाइमडेटसीटीएल, एक जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, पुन्हा एक जागा सोडून १ हा आकडा, अशी आज्ञा द्यावी. त्यानंतर नुसते टाइमडेटसीटीएल लिहिले की उत्तरात शेवटी एक इशारा दिसेल. तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे. भारतात ती पद्धत नसल्याने काळजीचे कारण नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी मात्र हा मार्ग न धरता विंडोजलाच जागतिक वेळ मानायला लावावे, ते विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून साधते.

अक्षरांचा विषय माझा नाही. कोणी जाणकार सांगतील.

प्रतिसाद १ (पुन्हा)

झोपलेल्या विंडोजचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या संगणकावर विंडोज नाहीच, मी ही आज्ञा बाहेरच्या हार्ड डिस्कवर वापरत आलो आहे. माझा सल्ला मागे घेतो.

प्रतिसाद ३

अक्षरांविषयी मी सांगते. आपली फाइल बिघडलेली नाही. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक नाहीत. अक्षर एकच, रूप कोणते दाखवायचे हे टंक ठरवतो आणि टंकाला ते ठरवण्यासाठी मजकुराची भाषा कळावी लागते. देठयुक्त ‘श’चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात हीच रूपे मराठीसाठी प्रमाण मानली आहेत, त्यामुळे आपला आग्रह क्षुल्लक मुळीच नाही. लोहित देवनागरी आणि नोटो सॅन्स देवनागरी या मुक्त टंकांत दोन्ही रूपे आहेत, पण आपला मजकूर बहुधा हिंदी म्हणून नोंदला गेला आहे.

रायटरमध्ये ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ समोर मराठी निवडावे. याने नव्या फाइलींचा प्रश्न सुटेल. जुन्या फाइलींत मात्र आधीची नोंद तशीच राहते, म्हणून त्या उघडून ‘टूल्स’मधील ‘लँग्वेज’ या यादीतून सर्व मजकुरासाठी मराठी निवडावे लागेल. लेखकाला प्रत पाठवताना ती पीडीएफ रूपात पाठवावी, म्हणजे टंक आतच बांधला जातो आणि समोरच्याच्या संगणकावर रूप बदलत नाही.

‘दऱ्या’साठी मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक घ्यावा असे मी सुचवेन. त्यात ‘जे’ या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की नुक्ता असलेला ‘ऱ’ येतो. त्यानंतर ‘डी’ कळीवरचा हलन्त आणि तिरप्या रेघेच्या कळीवरचा ‘य’, की ‘ऱ्य’ तयार. आपल्यासारख्या मुद्रितशोधकाने एक बारकावा ध्यानात ठेवावा. हेच जोडाक्षर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येते आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोध घेताना एक रूप टाकले तर दुसरे सापडत नाही. लेखकाने एका पद्धतीने लिहिले असेल आणि आपण दुसऱ्या पद्धतीने शोधत असाल, तर ‘आचाऱ्यांना’ हा शब्द फाइलमध्ये नाहीच असे संगणक छातीठोकपणे सांगेल. म्हणून प्रथम संपूर्ण फाइलमध्ये एक रूप बदलून दुसरे करून घ्यावे, मग वाचायला बसावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी सकाळी विंडोजने अद्ययावतीकरणासाठी ‘रीस्टार्ट’ करायला सांगितले होते आणि मी तेथूनच मिंट निवडले होते. हे मला प्रतिसाद वाचल्यावरच आठवले. फास्ट स्टार्टअप बंद केले आहे. ती फिकट ओळ मलाही आधी सापडली नव्हती. काल आणि आज मिळून पाच वेळा इकडून तिकडे गेले, प्रत्येक वेळी ‘डी’ विभागात जतन झाले. स्मार्ट अहवालातही डिस्क ठीक असल्याचे दिसते. घड्याळ दोन्हीकडे जुळले आहे. ‘ल’ आणि ‘श’ पूर्ववत दिसू लागले, मात्र एका फाइलमध्ये लेखकाने निवडलेल्या टंकात मराठी रूपेच नसावीत, कारण भाषा बदलूनही तेथे फरक पडला नाही. टंक बदलल्यावर पडला.

एक गोष्ट राहिली. घड्याळ चुकीचे असताना जतन केलेल्या चौथ्या प्रकरणाच्या दोन प्रतींपैकी खरोखर शेवटची कोणती, हे आता वेळेवरून कळण्यासारखे नाही. ते ओळखायचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद ३

रायटरमध्ये एक प्रत उघडून ‘एडिट’मधील ‘ट्रॅक चेंजेस’ या यादीतील ‘कंपेअर डॉक्युमेंट’ निवडावे आणि दुसरी प्रत दाखवावी. दोहोंतील प्रत्येक फरक रंगाने उमटेल. भाषेची नोंद दोन्ही प्रतींत आधी सारखी करून घ्यावी आणि ‘ऱ्य’चे रूपही, नाहीतर न दिसणारे फरकही मोजले जातील.

धागाकर्ती

केले. एकोणीस फरक दिसले, त्यांतील सतरा दुरुस्त्या माझ्या कागदी प्रतीवरील तिसऱ्या वाचनाच्या लाल खुणांशी जुळतात, म्हणजे जी प्रत जुनी दिसत होती तीच शेवटची आहे. उरलेले दोन फरक लेखकाने परस्पर केलेले दिसतात, ते त्यांना आज विचारून घेते. मधल्या काळात जतन झालेल्या आणखी सहा फाइली आहेत, त्यांची नावे बदलून त्यांपुढे वाचनाचा क्रमांक लिहिला आहे.