एकाच वर्गात सहा वर्षांची मुले आणि सत्तरीतले आजी-आजोबा: चित्रकला कशी शिकवावी?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग भरतो. सुरुवातीला तो फक्त मुलांसाठी होता. पुढे मुलांना सोडायला येणाऱ्या आया, आजी-आजोबा आणि काही निवृत्त मंडळीही आपणहून बसू लागली. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. शिकवण्याचे काम कलाशिक्षणाची पदविका घेतलेली एक तरुण मुलगी करते आणि ती मनापासून शिकवते, परंतु आम्हा दोघींनाही काही प्रश्न सतावतात.

लहान मुले बिनधास्त रंगवतात. चौथी-पाचवीच्या पुढची मुले मात्र कागद समोर आला की तेच चित्र काढतात: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि एक माड. आमच्या गावात माड नाही, तरी तो चित्रात असतोच. सातवी-आठवीच्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायच्या असल्यामुळे त्यांच्या पालकांना फक्त परीक्षेपुरते शिकवलेले हवे असते. मोठ्या माणसांचे पहिले वाक्य ठरलेले असते: "मला चित्रातले काही येत नाही." मुलांनी मोबाइलवरचे चित्र पाहून हुबेहूब उतरवले तर त्याला कला म्हणावे का, यावरूनही पालकांमध्ये दोन तट पडले आहेत. या सर्वांची कल्पकताही वाढावी आणि हातही तयार व्हावा, यासाठी वर्गात नेमके काय करावे?

करड्या रेषा

मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे कलाशिक्षक होतो. आपण वर्णन केलेले डोंगर आणि सूर्य मी हजारो कागदांवर पाहिले आहेत, आणि त्यामागचे कारण समजून घेतले तर मुलांवर रागावण्याची वेळ येत नाही.

तीन-चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्यातूनच हातपाय फुटलेले दाखवते. पुढे ते कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढून तिच्यावर घर, झाड, आई अशी सारी मंडळी उभी करते. जे त्याला ठाऊक आहे ते ते काढत असते आणि त्यावर खूश असते. साधारण नऊ ते अकरा या वयात त्याची नजर बदलते. आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही हे त्याला कळू लागते, परंतु खऱ्यासारखे कसे काढावे हे हाताला ठाऊक नसते. या अडचणीच्या काळात हमखास जमणारे, कोणी नावे ठेवणार नाही असे चित्र म्हणजे ते दोन डोंगर. बहुतेकांची चित्रकला याच वळणावर सुटते, आणि "मला येत नाही" म्हणणारे आपले आजोबा बहुधा त्याच वयात थांबलेले असतात. म्हणून दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे गृहस्थ यांना एकच धडा देता येतो, आणि तो धडा पाहण्याचा आहे.

वर्गात एक लाकडी खुर्ची मध्यभागी ठेवा आणि सर्वांना सांगा की खुर्ची काढायची नाही, तिच्या पायांमधल्या आणि पाठीच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागांचे आकार तेवढे काढायचे. खुर्ची कशी असते हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्के बसलेले असते आणि तीच समजूत हाताला चुकवते. मोकळ्या जागेविषयी कोणाची काहीच समजूत नसते, त्यामुळे डोळ्यांना पाहावेच लागते. अर्ध्या तासाने त्या आकारांच्या मधून खुर्ची आपोआप उभी राहते. दुसरा पाठ असा की कागदाकडे न पाहता, पेन्सिल न उचलता, स्वतःच्या डाव्या हाताची बाह्यरेषा अगदी सावकाश काढायची. चित्र वेडेवाकडे येते, पण बोटाच्या पेरावरच्या सुरकुत्या आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिल्या जातात.

परीक्षांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. कला संचालनालयाच्या या परीक्षांमधील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय मुळात फार विचाराने ठरवलेले आहेत. बिघाड होतो तो तयारीच्या पद्धतीत. स्मरणचित्रासाठी "भाजीबाजार" हा विषय असेल, तर शिकवण्यांमध्ये दोन-तीन तयार मानवाकृती पाठ करून घेतात आणि त्याच प्रत्येक विषयात बसवतात. आपण मुलांना आठवडी बाजारात न्या. तेथे काहीही काढू देऊ नका, फक्त पाहू द्या: तराजू धरणारीचा खांदा कोणत्या बाजूला झुकतो, गोणीवर बसलेल्या माणसाचे गुडघे कुठे येतात. वर्गात परतल्यावर चित्र काढून घ्या. परीक्षेतही अशा चित्राला तोटा होत नाही.

रंगांच्या बाबतीत बारा रंगांची पेटी काही महिने बाजूला ठेवावी आणि लेमन यलो, क्रिमझन लेक, अल्ट्रामरीन ब्लू व पांढरा एवढेच द्यावेत. तयार हिरवा हाताशी नसला म्हणजे आंब्याचे पान, बाजरीचे पाते आणि शेवाळ यांचे हिरवे वेगवेगळे आहेत हे मुलाला स्वतः मिसळून शोधावे लागते. आणि एक नियम शिक्षिकेने कटाक्षाने पाळावा: विद्यार्थ्याच्या कागदावर आपली पेन्सिल कधीही टेकवू नये. दाखवायचे असेल तर शेजारी दुसरा कागद घ्यावा.

सुरंगी

वरील प्रतिसादातील बहुतेक सर्व मला पटते, परंतु पाहून काढण्याला सरसकट नावे ठेवली जाऊ नयेत म्हणून लिहीत आहे. मी कुडाळ तालुक्यातली आहे. आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे पोथीत क्रमाने ठेवून, एकेक चित्र समोर धरून कथा गायची, अशी ही कला आहे, आणि त्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अशा परंपरेत नवा हात जुन्या चित्रांवरूनच तयार होतो. ते मोठे डोळे, ती बाजूने दिसणारी मुद्रा, वस्त्रावरची नक्षी पुन्हा पुन्हा काढल्यावाचून रेषेला तो ठाम वळसा येत नाही. वारली चित्रांचेही तसेच आहे. लग्नाचा चौक सुवासिनी एकमेकींचे पाहतच लिहायला शिकल्या, आणि त्याच चित्रभाषेतून जिव्या सोमा म्हसे यांनी स्वतःचे इतके निराळे काम उभे केले की २०११ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

म्हणून पालकांच्या वादात मी असे म्हणेन की नक्कल कशाची आणि कशासाठी, हे पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर आकार आधीच सपाट झालेला असतो आणि रेषा कोणत्या क्रमाने पडली हे कळत नाही. शेजारी बसून काढणाऱ्या माणसाचा हात पाहताना ते कळते. आपण सातारा जिल्ह्यात आहात, तर औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय आपल्याला जवळ आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जे स्वतःही चित्रकार होते, उभारलेल्या या संग्रहात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे एक माता-बालक शिल्पही आहे. तेथे परवानगी घेऊन मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि एका चित्रातील फक्त एक हात किंवा साडीची एक चुणी उतरवायला सांगा. असे उतरवणे हा अभ्यासच आहे.

एक सूचना ज्येष्ठ स्त्रियांविषयी. "मला येत नाही" म्हणणाऱ्या कित्येक आजी पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी न मोजता घालतात, म्हणजे समतोल, आवर्तन आणि हातावरचा ताबा या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे आहेत. संकल्पचित्र-नक्षीकामाचा एक तास त्यांनाच शिकवायला द्या.

निळी दौत

मी ज्येष्ठांच्या व्यायामोपचाराचे काम करते, तेव्हा थोडे हातांविषयी. बोटांचे सांधे दुखत असतील तर बारीक ब्रशच्या दांड्याला सुती कापड गुंडाळून जाड करावे. हात थरथरत असेल तर छोटी वही देऊ नये. भिंतीला जुनी वर्तमानपत्रे चिकटवून उभ्याने, खांद्यापासून हात फिरवत कोळशाने मोठ्या रेषा काढायला सांगावे. चिंचेच्या वाळलेल्या काड्या झाकणाच्या डब्यात बंद करून निखाऱ्यात भाजल्या की चांगला कोळसा घरीच होतो, आणि मुलांना तो करायला फार आवडते (मोठे माणूस जवळ हवेच). ज्यांना वयाची लाज वाटते त्यांना रवींद्रनाथ ठाकुरांविषयी सांगा. हस्तलिखितातील खाडाखोडीतून आकार काढता काढता ते साठीनंतर गांभीर्याने चित्रांकडे वळले, आणि त्यांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसमध्ये भरले.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खुर्चीचा पाठ येत्या रविवारीच घेत आहोत, आणि औंधच्या भेटीचे पत्रही लिहिले आहे. आणखी एक विचारते. वाचनालयाच्या वर्धापनदिनी स्पर्धा घेऊन पहिले तीन क्रमांक काढावेत, असा कार्यकारिणीतील काहींचा आग्रह आहे. आपले काय मत आहे?

करड्या रेषा

क्रमांक काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पर्धा म्हटली की मुले गेल्या वर्षी ज्याला बक्षीस मिळाले तसेच चित्र काढतात, आणि आपण ज्या माडापासून त्यांना सोडवू पाहत आहात तो परत येतो. त्याऐवजी प्रदर्शन भरवा. प्रत्येकाचे एक चित्र लावा, आणि ते कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे. लहान-मोठ्यांची चित्रे वेगळ्या भिंतींवर न लावता मिसळून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. चित्राखाली वय लिहू नका. हे चित्र काढताना काय पाहिले, याविषयी त्या व्यक्तीने सांगितलेले एखादे वाक्य लिहा. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांचे वाक्य शिक्षिकेने त्यांच्याच शब्दांत, न सुधारता, उतरवून घ्यावे. कार्यकारिणीला बक्षिसाचा खर्च करायचाच असेल, तर त्या रकमेत वर्गासाठी चांगला जाड कागद घ्या. पातळ कागदावर पाण्याचा रंग फुगे धरतो, आणि दोष आपल्या हातातच आहे असे मुलांना वाटत राहते.